हणमा, तुझा खंडोबा काढला

हणमा,

तुझ्या तिरडीला तुझीच भिंत आडवी आली. हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही. सगळे तुझं चांगलंच बोलायला बसलेत, म्हणून मी सांगतो.

तुझा विकास मडकं धरून बोळाच्या बाहेर निघून गेलासुद्धा. आम्ही चौघे तुला घेऊन मागं. पुढच्या बांबूला डावीकडं मी. वळणावर आलो आणि बांबूचं टोक तुझ्या भिंतीला खाडकन ठोकलं. मागचे ढकलतायत, पुढं जागा नाही.

"आरं, वाकडी करा जरा!"

वाकडी केली तर तू घसरायला लागलास.

"सरळ करा, सरळ! माणूस पडंल!"

सरळ केली तर पुन्हा बांबू भिंतीत. शेवटी पायाकडची बाजू खाली, डोक्याकडची वर, असं करून तुला जवळजवळ उभा केला आणि भिंतीला घासत तिथनं काढला. मेल्यावरसुद्धा तू माझ्यापुढं ताठच. मागनं जतकडच्या कुणा पाहुण्यानं विचारलं, "कुणी बांधली हो ही भिंत हितं?" सगळी आळी माझ्याकडं बघायला लागली. मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याकडं उत्तर नव्हतं.

माणूस गेल्यावर राग सोडून द्यावा असं सगळेच म्हणतात. मला ते जमत नाही. एक तर राग माझ्या एकट्याचा नव्हता, दोघांच्या सामाईकातला होता. तू तुझा हिस्सा न उचलता निघून गेलास, आता सगळा माझ्या डोक्यावर. दुसरं म्हणजे, तुझ्या भिंतीतला खंडोबा मी नुकताच काढलाय. नाकात, कानात अजून तुझं सिमेंट आहे. अशा वेळी कुणाबद्दल गोड लिहिणं कठीण जातं.

तुझ्यामागं लोक माझ्याकडून भिंतीची हकीकत ऐकतात आणि दोन वाक्यांत विचारतात, "पण जागा नक्की कुणाची?" मी म्हणतो, माझी. तू असतास तर म्हणाला असतास, माझी. आपल्या बापांनी वाटणी केली तेव्हा घरं दोन झाली आणि मधला बोळ सामाईक राहिला. बैलगाडी जायची त्यातनं. तू फौजेत पूल बांधलेस, रस्ते बांधलेस, हवालदार होऊन परत आलास, आणि सुताच्या दोरीशिवाय तुला जगात काही दिसेना. आल्या आल्या तुझ्या परड्याला भिंत घातलीस आणि ती बोळात वीतभर पुढं आणलीस. मी म्हटलं, "हणमा, वीतभर माझ्यात आलायस." तू ओळंबा सोडून बघितलास आणि म्हणालास, "भिंत एकदम सरळ हाय." सरळ नाही असं मी कधी म्हटलं होतं?

मोजणी आणली असती तर एका दिवसात निकाल लागला असता. तू आणली नाहीस, मीही आणली नाही. तुला वाटत होतं मोजणीत माझी निघंल, मला वाटत होतं तुझी निघंल. एवढ्या एका बाबतीत आपला एकमेकांवर पुरता विश्वास होता.

मग मी तो पराक्रम केला. उंब्रजच्या स्टँडसमोर, चहाच्या गाड्यापाशी, दहाबारा लोकांत मी जाहीर केलं की उद्या सकाळी मी हणमाची भिंत पाडणार. युद्धावर जाणाऱ्यानं शत्रूला वेळ आणि ठिकाण सांगून ठेवावं, तसं. तू फौजी. तुला एवढी बातमी पुष्कळ झाली.

सकाळी मी घण घेऊन निघालो. मागं बघे. बोळात वळलो आणि थांबलो. भिंतीच्या बरोबर मधोमध छापील फरशी बसवलेली. पांढऱ्या घोड्यावर खंडोबा, मागं म्हाळसा, पायाशी कुत्रं. चारही बाजूंनी काळ्या कडाप्प्याची पट्टी. भंडारा लावलेला, एक उदबत्ती जळतीय. सिमेंट अजून ओलं. आणि तू खाटेवर बसून बशीतनं चहा पितोयस.

"मार," तू म्हणालास. "घाल घाव. थांबलास का रं?"

मी घण खांद्यावरनं खाली घेतला.

"आपलं कुळदैवत हाय गड्या. पालीचं. तुझंबी हाय, माझंबी हाय. ते काय वाटणीत गेलं न्हाई."

आणि मी काय केलं? मी चपला काढल्या. घण भिंतीला टेकवला आणि हात जोडले. ते माझ्या हातातलं नव्हतं, लहानपणापासून तो घोडा दिसला की हात आपोआप जुळतात.

"चपला काढून घाव घालतोस व्हय रं?" तू म्हणालास, आणि सगळी आळी हसली. त्या हसण्यावर तुला मरेपर्यंत व्याज मिळत राहिलं.

अक्कल मला सिमेंट वाळल्यावर आली. त्या सकाळी ती फरशी नुसत्या थापीनं सुटली असती. मी नमस्कार करून, देवाला दोन्ही हातांत उचलून, वाजतगाजत माझ्या घरी न्यायला पाहिजे होता. मग मारला असता घण. हे मी सुमनला सांगितलं तर ती म्हणाली, "आवं, आता कशाला सांगताय? तवा सुचायला पायजे हुतं." बायकोचं बोलणं आणि तुझी भिंत, दोन्ही एकाच मसाल्याची.

तेव्हापासून दर आयतवारी तू अंघोळ करून बोळात यायचास, खंडोबाला भंडारा लावायचास आणि माझ्या खिडकीकडं तोंड करून 'येळकोट' म्हणायचास. देवाला ऐकू येण्यासाठी एवढ्या मोठ्यानं ओरडायची गरज नव्हती. माझी गाडी हायवेच्या सर्व्हिस रोडला धूळ खात उभी, कारण बोळात ती शिरत नव्हती. ती गाडी मी घेतलीच का, असं लोक विचारायचे. बोळ मोजायच्या आधी गाडी घेतली, हे मी कुणाला सांगितलं नाही. तुला कळलं होतं. तुला सगळं कळायचं.

माझ्याशी बोलायचं तू बंद केलंस आणि म्हशीशी बोलायला लागलास. तेही मला ऐकू येईल असं. "म्हशे, काही लोकांच्या टाकीचं पाणी वाहतंय गं. काही लोक पेपर वाचत बसल्यात." मी उठून कॉक बंद करायचो. "म्हशे, आज लाईट जायाची हाय. काही लोकांनी पीठ दळून आणलं तर बरं." माझ्याकडं म्हैस नव्हती, म्हणून मी स्कूटरशी बोलायचो. "स्कूटरे, लोकांची कोंबडी आपल्या गवतीचहात आलीय." म्हैस निदान मान हलवायची. स्कूटरशी भांडणारा माणूस दिसतो कसा, याचा मी कधी विचार केला नाही. टपालवाल्यानं केला. तो सायकल हातात धरून बराच वेळ उभा होता.

त्या दुपारचं मात्र मला लिहायचं नव्हतं. लिहितो. मी ओट्यावर बसलो होतो आणि डाव्या हातातनं कळ यायला लागली. मला वाटलं, वाताची. तू वैरण टाकत होतास.

"म्हशे," तू म्हणालास, "एकाचं तोंड पांढरंफटक पडलंय गं. घाम बघ कसा सुटलाय. ह्याला कराडला न्यायला पायजे." मग वैरणीची पाटी दाणकन खाली आपटल्याचा आवाज आला. जीप तूच बोलावलीस. जीप बोळाच्या तोंडाशी आली आणि आत येईना, कारण कुणीतरी वीतभर भिंत पुढं घेतली होती. तेव्हा तू खाली बसलास, मला पाठीवर घेतलंस, आणि तुझ्या भिंतीला तुझाच खांदा खरचटत मला बाहेर काढलंस. "लय जड झालाइस रं," एवढंच बोललास. किती वर्षांनी तू मला 'रं' म्हणत होतास.

मी बरा होऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडनं आवाज आला, "म्हशे, काही लोक वाचलं गं." झालं. परत पहिल्यासारखं. तुझ्या भिंतीमुळं गाडी आत येईना म्हणून तुला मला पाठीवर घ्यावं लागलं. याबद्दल तुझे आभार मानायचे की तुला शिव्या द्यायच्या, हे माझं तेव्हापासून ठरत नाहीये. ठरवायला तुझी मदत लागली असती. तू मेलास.

दहावं-बारावं झालं. वहिनी दाराशी बसल्या होत्या. माहेर जतचं; तिकडच्या माणसाला आपल्यासारखं बोलत सुटायची सवय नाही, तुला माहिती आहे. त्या म्हणाल्या, "भावजी, ती भिंत काढा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"त्यास्नी उभं करून न्यावं लागलं. मला दिसलं. इकासलाबी दिसलं." मग पदर सावरून, "पर देव अख्खा निघाला पायजे. देव फुटला तर भिंत हाय तशी ऱ्हाईल. मी जित्ती हाय तवर हात लावू द्यायची न्हाई. आन इकासची रजा सरायच्या आत. त्येच्या म्होरं."

तुझ्या जिवंतपणी जे घणानं झालं नाही, ते एका फरशीवर येऊन थांबलं. देव अख्खा, तर बोळ मोकळा. देव फुटला, तर भिंत पक्की, आणि वर सगळ्या भावकीत मी कुळदैवत फोडणारा. तू असतास तर ही अट ऐकून खूश झाला असतास. भिंत तुझी, मसाला तुझा, देव दोघांचा आणि फोडायची भीती एकट्या माझी.

"काका, ग्राइंडर आणतो," विकास म्हणाला. "दोन मिन्टांत मोकळं करतो."

"दोन मिन्टांत देवाचं दोन देव करशील."

शिरवळच्या कारखान्यात मी सगळी नोकरी स्टोअरमध्ये काढली. मशिनं द्यायची, सही घ्यायची, संध्याकाळी परत मोजून ठेवायची. हातात धरून एकही कधी चालवलं नाही. पण मेंटेनन्सवाले एक थरथरणारं मशिन न्यायचे ते मला आठवत होतं. मल्टिटूल. कराडला दुकानात गेलो.

"काय काढायचंय काका?"

"खंडोबा."

दुकानदारानं हातातलं बिल खाली ठेवलं. "घरात वाद हाय काय?"

सगळी हकीकत ऐकून घेतल्यावर त्यानं अर्ध्या चकतीचं एक पातं काढलं, कडेला खरखरीत दाणे चिकटवलेलं. दुसरं एक लांबट, आत खोल जाणारं. "हे ग्राइंडरागत गरगर फिरत न्हाई. जागच्या जागी थरथरतंय. म्हणून उडी मारत न्हाई. फक्त दाबायचं न्हाई. फरशी आन पट्टीच्या मधल्या सांध्यात ठेवायचं आन हळूहळू मागंपुढं. खाऊ द्यायचं त्याला त्याच्या चालीनं."

घरी आलो, आणि डब्यातनं जे पातं पहिलं हाताला लागलं ते लावलं. ते लाकडाचं होतं. तुझ्या सिमेंटात घातल्यावर त्याचे सगळे दात गेले. सुमन बघत होती. ती नुसती आत गेली आणि आतनं हसली.

मग बरोबर पातं लावलं. नातीचा पोहायचा चष्मा डोळ्यांना, तोंडाला उपरणं. सांध्यात पातं टेकवलं आणि बटण दाबलं.

तुला एक सांगतो, हणमा. मला वाटलं होतं करडी धूळ येईल. पिवळी आली. इतक्या वर्षांचा भंडारा, दर आयतवारचा, त्या सांध्यात जाऊन बसला होता. पातं जसजसं पुढं सरकेल तसतसा पिवळा धूर. माझे हात पिवळे, उपरणं पिवळं, टक्कल पिवळं. बोळातनं पलीकडच्या आळीतली म्हातारी चालली होती. तिनं मला बघितलं, हात जोडले आणि "येळकोट येळकोट" म्हणून पुढं गेली. तू मला आयुष्यभर ज्या देवाच्या आडून रोखलंस, त्याच देवाचा वाघ्या करून सोडलंस.

"काका, दाबताय तुमी," विकास म्हणाला.

"दाबत न्हाई."

"मशिन वरडतंय की."

"मशिन न्हाई, मी वरडतोय."

दाबत होतो. तुझ्या नावानं दाबत होतो. शहाण्या माणसानं असा सांधा पांढऱ्या सिमेंटनं भरला असता, पातं त्यातनं लोण्यातनं गेल्यासारखं गेलं असतं. तू बिनवाळूचं कोरं सिमेंट ठासलं होतंस. खालच्या कडेला आलो, जोर जरा जास्त लागला, पातं सांध्यातनं निसटून फरशीवर आलं आणि टिचकन एक कपचा उडाला.

मशिन बंद केलं. विकासनं वाकून बघितलं. मी डोळे मिटले होते.

"आये," विकासनं हाक मारली. "हिकडं ये जरा."

वहिनी आल्या. त्यांनी फरशीवर बोट फिरवलं. खंडोबाची तलवार, म्हाळसेचा हात, घोड्याची मान. मग बोट थांबलं. घोड्याच्या शेपटीचा गोंडा गेला होता, नखाएवढा.

"यप्पा," माहेरची कानडी त्यांच्या तोंडातनं निघाली.

"वहिनी, चुकून..."

"गप बसा भावजी." त्यांनी खाली पडलेला कपचा उचलून बघितला. मला वाटलं, झालं, भिंत राहिली. मग म्हणाल्या, "देवाला न्हाई लागलं. घोड्याला लागलंय." आणि आत जाता जाता, "घोडं असं कितीबी लढाईत जातंय. शेपटीचं कोण मोजतंय?"

तेवढ्यावर माझं आयुष्य सुरू राहिलं. यापुढं मात्र मी दाबलं नाही. हात हलका केला. मागंपुढं, मागंपुढं, चारही बाजू मोकळ्या केल्या. मग बोटांनी फरशी वाजवून बघितली. बहुतेक लोक फरशीला चार कोपऱ्यांत आणि मधे असे मसाल्याचे गोळे लावतात. तशी वाजवली की पोकळ वाजते, आणि पोकळ वाजली की पातं आत घालून सोडवता येते. तुझी फरशी भद्द वाजली. इकडं भद्द, तिकडं भद्द. एक सुपारीएवढी जागा तू रिकामी सोडली नव्हतीस. माझ्याशी बोलताना मात्र तू एवढ्या जागा रिकाम्या सोडल्यास की त्यातनं बैलगाडी गेली असती. माणसांत पोकळी आणि फरशीमागं भरीव, असा कसा रे तू होतास?

मी तिथंच बोळात बसलो आणि तुला मोठ्यानं शिव्या दिल्या. कुठल्या ते इथं लिहीत नाही. विकास ऐकत होता. मधेच हसला. म्हणाला, "काका, आबा तुमाला ह्याच शिव्या द्यायचं. ह्याच्यातली एकबी नवी न्हाई."

शेवटी एकच वाट राहिली. फरशी विटांपासून सुटत नसेल तर विटांसकट काढायची. तुझी भिंत चार इंची. पुढनं विटांमधली अर्धी दरज कापायची, मागनं अर्धी. मागनं म्हणजे तुझ्या परड्यातनं. भिंत झाल्यापासून मी तुझ्या परड्यात पाय ठेवला नव्हता. वहिनींनी बसायला पाट दिला. तुझी म्हैस माझ्याकडं बघत होती. माझं सगळं तिला माहीत होतं, तू तिला माझ्याबद्दल एवढं सांगितलंयस की तिचा चेहरा ओळखीचा वाटला. मी मान खाली घातली.

भिंतीच्या त्या बाजूच्या दरजा मी पहिल्यांदा बघितल्या. बोळाकडच्या बाजूला तू दाखवायला म्हणून नीट काम केलं असशील, असं मी धरून चाललो होतो. आतल्या बाजूला तर म्हशीशिवाय कोण बघणार? तिथंही प्रत्येक दरज बोटानं ओढल्यासारखी सारखी. हे वाईट, हणमा. भिंत खराब बांधली असतीस तर मला पातं घालताना जीवावर आलं नसतं. लांबट पातं दरजेत घातलं आणि सुरुवात केली. त्या दिवशी मशिन दोनदा तापलं, दोन्ही वेळा थांबलो, चहा आला. वहिनी भाकऱ्या थापत होत्या आणि मधूनमधून येऊन बघून जात होत्या. देव अजून भिंतीतच होता, पण सगळीकडनं सुटत चालला होता.

वरच्या विटा खाली येतील, अशी मला भीती होती. आडवी फळी लावून ठेवली होती. लागली नाही. विकासनं इकडनं, मी तिकडनं धरून विटांसकट देव बाहेर ओढला, आणि वरच्या विटा एकमेकींना धरून जागच्या जागी राहिल्या. ज्या मसाल्याला मी सकाळपासून शिव्या देत होतो, त्यानंच माझं डोकं वाचवलं. तेही आभारात धरायचं का? लिहून ठेवतो, पण धरलंय असं समजू नकोस.

वजन असं की दोघांच्या कमरा मोडल्या. देव खाली पोत्यावर ठेवला. वहिनींनी पदरानं पुसला. कडेनं बोटं फिरवली, चारही बाजूंनी, मग परत एकदा.

"अख्खा हाय," त्या म्हणाल्या, आणि तिथंच देवाशेजारी बसून रडल्या. तिरडी उचलली तेव्हा रडल्या नव्हत्या. आम्ही दोघं बघत राहिलो. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पाडा आता."

पहिला घाव विकासनं घातला. दुसरा मी. भिंत पडायला संध्याकाळ झाली. आळीतले बघे आले होते, त्यातल्या एकानं मला विचारलं, "आज चपला काढल्या न्हाई व्हय?" म्हणजे तू अजून इथंच आहेस.

बोळ मोकळा झाला. विकास गाडी घेऊन आला, पहिल्यांदा आत, थेट दारापर्यंत. मला वाटलं होतं त्या क्षणी काहीतरी होईल. काही झालं नाही. गाडी दाराशी उभी राहिली, एवढंच. धूळ सर्व्हिस रोडची होती, ती तशीच.

मग वहिनी म्हणाल्या, "देव कुठं ठेवताय?"

"तुमच्याकडं."

"आमच्याकडं कुठं? भिंतच न्हाई ऱ्हायली. तुमच्या भिंतीत बसवा. बोळाकडं तोंड करून. म्हंजे मला दारातनं दिसंल."

आता तूच बघ तुझे उद्योग. देवाच्या पाठीला तुझ्या विटा चिकटलेल्या. त्या माझ्या भिंतीवर बसणार कशा? आत घ्यायच्या तर माझी भिंत फोडायला पाहिजे. मी माझ्या बापाची भिंत फोडली, हणमा. तुझ्या विटा माझ्या घरात घ्यायला, माझ्याच हातानं, त्याच मशिननं, माझ्याच दरजा कापल्या. माझ्या दरजा भुसभुशीत निघाल्या. पातं लावायच्या आधीच गळायला लागल्या. विकासला ते दिसलं.

रजा संपायच्या आदल्या दिवशी देव बसवला. विकासनं धरला, मी मसाला भरला. विकास म्हणत होता, "काका, डावीकडं जरा वर. न्हाई, उजवीकडं. आता डावीकडं." मी म्हणत होतो, बरोबर आहे. बरोबर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सिमेंट धरल्यावर लांबनं बघितलं तर घोडा चढावर चाललाय. वहिनी दारातनं बघून म्हणाल्या, "जेजुरी चढतोय वाटतं." तू असतास तर ओळंबा घेऊन आला असतास आणि म्हशीला सगळं सविस्तर सांगितलं असतंस.

विकास गेला. मला नमस्कार करताना म्हणाला, "काका, आयकडं बगा." बघीन. पण ती वीत कुणाची होती, ते अजून ठरलेलं नाही. तुझा मुद्दा मला मान्य नाही. तू गेलास म्हणून जागा माझी होत नाही, आणि भिंत पाडली म्हणून तुझी चूक होती असंही सिद्ध होत नाही. आपलं भांडण जिथं होतं तिथंच आहे. पुढची तारीख मिळेल तेव्हा मिळेल.

मसाला मात्र मी हात आखडता घेऊन केला नाही. कोरं सिमेंट, तुझ्यासारखं. मागं सुपारीएवढी जागा रिकामी सोडली नाही. बोटांनी वाजवून बघितली, भद्द वाजते. कधीतरी, माझ्यामागं, कुणाला तरी ही फरशी इथनं काढावी लागेल. रस्ता रुंद होईल, घर पाडतील, काहीतरी होईल. देव अख्खा पाहिजे म्हणून तो माणूस हलक्या हातानं पातं चालवेल. पात्याचे दाणे झिजतील, मशिन तापेल, पिवळी धूळ त्याच्या डोक्यावर बसेल. मग तो इथंच बोळात मांडी घालून बसेल आणि मला एकेक शिवी हासडेल. शिव्या घालता घालता त्यानं दिवसभर माझ्यापाशी बसावं, हणमा, जसा मी तुझ्यापाशी बसलो होतो.